बाकीच्या वेळेचा डॉन

भिकूभक्त ओळखायला फार सोपा असतो. टीव्हीवर 'सत्या' लागला की घरातले सगळे सिनेमा बघतात आणि हा बघणाऱ्यांकडे बघतो. आता तो सीन येणार, आता यांच्या अंगावर काटा येणार, असा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर चाललेला असतो. काटा आला नाही, तर तो उठून पडद्यासमोर उभा राहतो आणि काटा का यायला हवा होता ते समजावून सांगतो. तोवर सीन संपलेला असतो.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी सहकारी बँकेत किंवा विम्याच्या कचेरीत. राहणं डोंबिवलीला, कल्याणला, नाहीतर विरारच्या बाजूला. ३ जुलै १९९८च्या शुक्रवारी 'सत्या' लागला तेव्हा हा नोकरीच्या शोधात होता. त्या वयात माणूस कुणाच्या तरी प्रेमात पडतोच. याचे मित्र मुलींच्या प्रेमात पडले, त्यांची लग्नं झाली, यथावकाश ते प्रेमातून बाहेरही आले. हा 'सत्या'तल्या भिकू म्हात्रे या डॉनच्या प्रेमात पडला आणि तिथंच राहिला.

गुन्हेगारीशी मात्र त्याचा काडीचा संबंध नसतो. पाहुण्यांना गाडीत बसवायला स्टेशनात जायचं तरी आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढणारा हा माणूस. पोलीस चौकीवरून जाताना, काही केलेलं नसताना, शर्टाचं वरचं बटण लावतो. गणेशोत्सव मंडळाची पोरं वर्गणीला आली की सांगतील तो आकडा निमूटपणे देतो. आपली जरब कळावी म्हणून पावती तेवढी मागून घेतो.

त्याचा खरा विषय सिनेमाची गोष्ट हा नव्हेच. सिनेमा कसा झाला, हा त्याचा विषय. आणि त्या विषयाला स्थळकाळाचं बंधन नसतं. एका मुंजीच्या पंगतीत तो शेजारच्या अनोळखी गृहस्थांकडे वळला आणि मठ्ठ्याची वाटी बाजूला सारून म्हणाला, "आधी की नंतर?"

"काय?"

"नाश्ता."

"आम्ही सकाळी पोहे खाऊनच निघालो," गृहस्थ म्हणाले.

"तुमचा नाही हो. मारेकऱ्याचा."

गृहस्थांनी जिलबी खाली ठेवली. मग भिकूभक्तानं मूळ कथा लावली. १२ ऑगस्ट १९९७ला अंधेरीत गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या गेल्या. 'सत्या'चे दिग्दर्शक रामगोपाल वर्मा त्या वेळी एका निर्मात्याकडे बसलेले होते. बातमी आली. हादरलेला निर्माता सांगू लागला, की गुलशन कुमार सकाळी किती वाजता उठले होते, फोनवर काय बोलले होते, कुणाला भेटायचं ठरलं होतं. ऐकता ऐकता वर्मांच्या डोक्यात भलतंच सुरू झालं. मरणारा किती वाजता उठला ते कळलं, पण मारणारा किती वाजता उठला असेल? आईला 'लवकर उठव' सांगून झोपला असेल का? नाश्ता खुनाच्या आधी केला असेल की नंतर? हे वर्मांनी स्वतःच सांगितलेलं आहे. "आणि इथून," भिकूभक्त बोट वर करून म्हणाला, "हिंदी सिनेमातला गुंड माणसात आला!" वाढप्याला वाटलं आणखी जिलबी हवी आहे.

तोवरच्या गुंडाला सहसा खासगी आयुष्य नसे, हे त्याचं निरीक्षण मात्र खरं आहे. तो अड्ड्यावर बसलेला असे, हातात ग्लास असे, आणि कुणीतरी येऊन 'बॉस, माल पकडला गेला' सांगेपर्यंत त्याला दुसरा उद्योग नसे. त्याच्या घरचं दूध कोण आणतं, त्याची बायको त्याला काय बोलते, हे फारसं कुणी विचारलं नव्हतं. वर्मांनी विचारलं. त्यासाठी कानावर आलेल्या बारीकसारीक गोष्टी गोळा केल्या. एका परिचिताच्या इमारतीत रोज हसून नमस्कार करणारा शेजारी होता. पोलिसांनी धरून नेलं तेव्हा कळलं, तो टोळीतला होता. सिनेमात नायक सत्याच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या विद्याला त्याचा धंदा कळत नाही, त्याचं बी हे. कुणा एका गुंडाचा भाऊ मारला गेला, तर तो रडायचं सोडून प्रेतालाच शिव्या घालू लागला, सांगितलेलं ऐकलं नाहीस म्हणून. हेही वर्मांनी ऐकून ठेवलेलं. गोळीबार काही क्षणांचा, बाकीचा वेळ घरादाराचा. त्या बाकीच्या वेळेचा सिनेमा म्हणजे 'सत्या'.

भिकूभक्ताला हे इतकं का भिडलं, याचं उत्तर इथंच आहे. वर्मांचा गुंड बायकोची बोलणी खातो, पोरांच्या गलक्यात फोनवर बोलतो, पावसात भिजतो, दोस्तांच्या आग्रहापुढं मान तुकवतो. भिकूभक्त हे सगळं करतोच. राहिला फक्त गोळीबार. म्हणजे जवळजवळ सगळा डॉन आपल्यात तयारच आहे, थोडं काम बाकी आहे, अशी त्याची समजूत आहे. ते थोडं काम गेली पंचवीस-सत्तावीस वर्षं बाकी आहे.

कचेरीत त्याला चिडवण्याचा एक ठरलेला मार्ग आहे. कुणीतरी साळसूदपणे विचारतं, "काय हो, भिकू म्हात्रे कोणत्या गावचा?"

"सिनेमातला की खरा?"

"काम करणारा."

इथं त्याचा आवाज उतरतो. कारण भिकू झालेला मनोज बाजपेयी बिहारमधल्या चंपारणचा. विठ्ठल मांजरेकर झालेला संजय मिश्रा, तोही बिहारचा. भाऊ ठाकूरदास झावळे म्हणजे मध्य प्रदेशातल्या सागरचे गोविंद नामदेव. इन्स्पेक्टर खांडिलकर हा अलाहाबादचा आदित्य श्रीवास्तव, जो पुढं 'सीआयडी'त अभिजीत होऊन घराघरात गेला. कल्लूमामा झालेले सौरभ शुक्ला जन्मानं गोरखपूरचे. दिग्दर्शक तेलुगू, खुद्द सत्या झालेला जे. डी. चक्रवर्तीही तेलुगू. कॅमेरा सांभाळला तो अमेरिकेतल्या जेरार्ड हूपरनं आणि मझहर कामराननं.

"म्हणजे आडनावं तेवढी आपली," विचारणारा मीठ चोळतो.

"उर्मिला मातोंडकर आहे. वकील मुळे मकरंद देशपांडेनं केलाय," तो मोजू लागतो. दोन बोटांवर गाडी अडते. मग त्याला एकदम सुचतं, "आणि गणपती! भाऊ झावळेचा खून चौपाटीवर विसर्जनात होतो. एवढं मराठी आणखी काय हवं?"

तेंडुलकरांचा पत्ता तो शेवटी टाकतो. वर्मांच्या मनात आधी पटकथेसाठी विजय तेंडुलकर होते, कारण 'अर्धसत्य'. गोविंद निहलानींच्या १९८३च्या त्या सिनेमाचं वर्मांना वेड होतं. तो श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरचा, पटकथा तेंडुलकरांची. 'सत्या' हे नावसुद्धा एका अंगानं 'अर्धसत्य'ला केलेला नमस्कार. दुसऱ्या अंगानं ते वर्मांना कॉलेजात आवडलेल्या आणि त्यांना दाद न दिलेल्या एका मुलीचं नाव. भिकूभक्त दुसरं अंग बायकांसमोर सांगत नाही. पुढं मनोज बाजपेयीनं अनुराग कश्यप नावाच्या पोराचं नाव सुचवलं आणि त्याच्या जोडीला सौरभ शुक्ला आले. शुक्ला लिहायला फारसे राजी नव्हते, मग कल्लूमामाची भूमिका पुढं केल्यावर बसले लिहायला. "बघा," भिकूभक्त म्हणतो, "कामाला माणूस कसा बसवायचा ते." स्वतःच्या शाखेतल्या शिपायाला मात्र तो चहा स्वतः नेऊन देतो.

त्याची एक जखम मात्र चिडवण्याच्या पलीकडची आहे. मनोज बाजपेयीला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण सहायक अभिनेत्याचा. 'सहायक' हा शब्द उच्चारताना भिकूभक्ताचा ओठ थरथरतो. "भिकू म्हात्रे सहायक? मग मुख्य कोण?" आपण म्हणावं, मुख्य सत्या. सिनेमाचं नावच तसं आहे. यावर तो आपल्याकडे असा बघतो, की आपण त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याला नोकर म्हटलंय. मग सांगतो, की 'बँडिट क्वीन'मधला मानसिंग बघून वर्मा या नटाला शोधत होते. 'दौड'मधल्या किरकोळ भूमिकेसाठी तो स्वतःच समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्यांना कळलं, हाच तो. वर्मा म्हणाले, ही भूमिका करू नकोस, तुला मोठी देतो. बाजपेयीनं 'दौड'ही केला, कारण पैशांची गरज होती. आणि मोठी भूमिका म्हणजे सत्याची, असं धरून बसला होता. मिळाला भिकू, तेव्हा खट्टू झाला. भिकूभक्ताला हा प्रसंग फार प्रिय. त्याला स्वतःला कॅशियर व्हायचं होतं, क्लिअरिंगला बसवलं. "पण क्लिअरिंगनंच मला घडवलं," तो म्हणतो. नेमकं काय घडवलं, ते अजून शाखेत कुणाला दिसलेलं नाही.

संध्याकाळी हा बागेतल्या बाकावर जातो. तिथं त्याचे दोन प्रतिस्पर्धी बसतात. एक गॉडफादरवाले. हे निवृत्त इंजिनिअर, इंग्रजी पेपर वाचणारे, आणि जगातला प्रत्येक गँगस्टरपट १९७२च्या 'द गॉडफादर'मधून आला असं मानणारे. दुसरा वास्तववाला. हा मनानं हळवा. महेश मांजरेकरांच्या १९९९च्या 'वास्तव'मध्ये आई पोटच्या पोराला गोळी घालते, तिथं त्याचा गळा अजून दाटतो. "रीमाताईंनी काय काम केलंय!" एवढंच तो बोलू शकतो, म्हणून वादात त्याला कुणी मोजत नाही.

खरी चकमक बाकीच्या दोघांची.

"ब्रँडोच्या मांडीवरचं मांजर," गॉडफादरवाले सुरुवात करतात, "स्क्रिप्टमध्ये नव्हतं. स्टुडिओत हिंडणारं भटकं मांजर. दिग्दर्शक कोपोलानं उचलून मांडीवर ठेवलं. ते इतकं घुरघुरायला लागलं, की ब्रँडोचं बोलणं ऐकू येईना!"

"आमच्याकडं मांजर नव्हतं," भिकूभक्त म्हणतो. "आमच्याकडं खऱ्या चाळी होत्या, खरा पाऊस होता. नाटकातून आलेले नट होते. प्रसंग सांगून सोडून दिलं तर जागच्या जागी बोलायचे."

"ब्रँडो तर पाठांतरच करत नसे. संवादाचे कागद समोरच्या नटाच्या छातीवर चिकटवायचे."

"म्हणजे कॉपी!"

"आणि घोड्याचं मुंडकं खरं होतं. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीकडून आणलेलं."

इथं वास्तववाला "शिव शिव" म्हणतो. गॉडफादरवाले मग हुकमाचं पान काढतात. अमेरिकेत इटालियन लोकांची एक नागरी हक्क संघटना होती. तिचा म्होरक्या जो कोलंबो स्वतःच माफिया टोळीचा प्रमुख. त्या संघटनेनं हरकत घेतली, की सिनेमात आमच्या समाजाची बदनामी नको. निर्मात्यांनी पटकथेतून 'माफिया' हा शब्दच काढून टाकला आणि माफियांवरचा सगळ्यात मोठा सिनेमा त्या शब्दावाचून तयार झाला.

"म्हणजे तिकडंही भावना दुखावतात?" वास्तववाल्यानं डोळे पुसत विचारलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

सिनेमातल्या गाण्यांबद्दल भिकूभक्ताचं धोरण दुटप्पी आहे. वर्मांच्या मनात आधी गाणी नव्हतीच, ती नंतर आली, हे तो अभिमानानं सांगतो. गाण्यांनी वास्तवाचा भंग होतो, हे त्याचं मत. पण विशाल भारद्वाज-गुलजार जोडीचं कल्लूमामावरचं गाणं कुठं वाजलं, की वास्तवाचा भंग करायला पहिला पाय याचाच पडतो. भाच्याच्या हळदीत तो असा नाचला, की दुसऱ्या दिवशी पाठीला पट्टा लावून अक्षता टाकायला आला. संदीप चौटाच्या पार्श्वसंगीताबद्दल मात्र त्याची निष्ठा अढळ आहे. मोबाईल वाजला की तेच वाजतं, आणि फोन बहुतेक वेळा बायकोचा असल्यामुळे प्रसंगाला शोभूनही दिसतं.

या बायकोचं एक मत नोंदवायला हवं. भिकू आणि त्याची बायको प्यारी यांची भांडणं हा सिनेमाचा जीव आहे. शेफाली छायानं, म्हणजे आताच्या शेफाली शहानं, ती बाई अशी उभी केली आहे, की अख्खी मुंबई ज्याला टरकते तो घरात पाऊल टाकताना अंदाज घेतो. भिकूभक्त बायकोला म्हणाला, "बघ, डॉनलासुद्धा घरी ऐकून घ्यावं लागतं."

"अहो, तो बाहेर काहीतरी करून येतो म्हणून ऐकतो," ती कोथिंबीर निवडत म्हणाली. "तुम्ही कोथिंबीर आणलीत ती निम्मी पिवळी. भाजीवाल्याला तेवढं बोललात का?"

बोलला नव्हता. उलट सुटे पैसेही सोडून आला होता.

१७ जानेवारी २०२५ला 'सत्या' पुन्हा चित्रपटगृहात लागला. भिकूभक्तानं रजा टाकली, पुतण्याला बरोबर घेतलं आणि मध्यंतरापर्यंत त्याच्याकडे बघत बसला. पोराच्या अंगावर काटा काही येईना. शेवटी तो म्हणाला, "काका, छान आहे. पण हे सगळं आधी कुठंतरी बघितल्यासारखं वाटतं."

"कुठं?"

"सगळीकडेच."

भिकूभक्ताला हा अपमान वाटला, पण पोरगं खरं तेच बोललं होतं. चाळीच्या जिन्यावरचा पाठलाग, हसता हसता निघणारं पिस्तूल, घरगुती गप्पांत शिजणारा खून, हे सगळं पुढच्या पंचवीस वर्षांत इतक्यांनी उचललं, की आता मूळ मालच नक्कल वाटतो. वर्मांनी स्वतः 'कंपनी' काढला. कश्यप 'ब्लॅक फ्रायडे' आणि 'गँग्ज ऑफ वासेपूर'पर्यंत पोचला. त्या दुसऱ्यात सरदार खान पुन्हा मनोज बाजपेयीच. ज्याचे सगळे वारस श्रीमंत झाले, त्या आजोबांना नातू विचारतो, तुम्ही कुणासारखे दिसता?

त्या वेळी वर्मांनीही जाहीरपणे लिहिलं, की इतक्या वर्षांनी सिनेमा बघताना ते रडले, आणि हे यश मिळाल्यावर आपण भरकटलो याची त्यांना जाणीव झाली. भिकूभक्तानं ते वाचून दाखवलं तेव्हा गॉडफादरवाले म्हणाले, "त्यांना 'आग' आठवला असेल." वर्मांच्याच २००७च्या त्या सिनेमाचं नाव भिकूभक्तासमोर काढत नाहीत. आठवडाभर बाकावर अबोला होता.

यानंतर जे घडलं तो खरं तर त्याच्या आयुष्याचा क्लायमॅक्स व्हायला हवा होता.

वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. मोठी गाडी घेऊन आले आणि ती दोन जागा अडवून लावू लागले. त्यातली एक जागा भिकूभक्ताच्या स्कूटरची. बायको म्हणाली, सेक्रेटरीला सांगा. सेक्रेटरी म्हणाले, लेखी द्या. भिकूभक्तानं अर्जाचा मसुदा केला, 'विनंती'च्या जागी 'नम्र विनंती' घातलं आणि खिशात ठेवला.

त्या रात्री तो गॅलरीत उभा राहून पुतण्याला फोनवर 'सत्या'ची गोष्ट समजावत होता. "गुरु नारायणला उडवला तिथपर्यंत बरोबर होतं रे. पण कमिशनरला मारायला नको होतं! तिथं सगळं बिघडलं. वरून प्रेशर आलं, एन्काउंटर वाढले, आपली पोरं गेली. भाऊंनी तर शेवटी घरी बोलावून गेम केला... नाही, कल्लूमामा माणूस चांगला."

वरच्या गॅलरीत भाडेकरू वाळलेले कपडे काढत होते.

दुसऱ्या दिवशी स्कूटरची जागा मोकळी होती. नुसती मोकळी नव्हती, झाडलेली होती. लिफ्टमध्ये भाडेकरू कोपऱ्यात सरकून "नमस्कार साहेब" म्हणाले. वॉचमन उठून उभा राहू लागला. सेक्रेटरींनी आपण होऊन विचारलं, पाणी पुरेसं येतंय ना? भिकूभक्ताला वाटलं, जगात अजून चांगुलपणा आहे.

शेवटी वॉचमननंच त्याला विचारलं, "साहेब, ते कमिशनरचं मॅटर मिटलं का?"

त्याच्या डोक्यात प्रकाश पडला तो क्षण बघण्यासारखा होता म्हणतात. खांदे मागे गेले, हनुवटी वर झाली, आणि निदान लिफ्ट येईपर्यंत तो खरोखर भिकू म्हात्रे होता. मग लिफ्ट आली, आणि लिफ्टबरोबर विचार आला: यांनी पोलिसांना कळवलं तर?

संध्याकाळी तो अर्धा किलो पेढे, बँकेचं ओळखपत्र आणि पॅन कार्डाची झेरॉक्स घेऊन वर गेला. भाडेकरूंना सगळं नीट समजावून सांगितलं. ओघात गुलशन कुमार, नाश्ता, जेरार्ड हूपर आणि राष्ट्रीय पुरस्काराची हकीकतही सांगितली. भाडेकरूंनी घाम पुसला, दोन पेढे खाल्ले आणि त्याला प्रेमानं दारापर्यंत सोडलं. सकाळी गाडी पुन्हा दोन्ही जागांवर उभी होती.

"देवानं आयुष्यात एकदा संधी दिली होती तुम्हाला," बायको म्हणाली.

"अगं, पण असल्या धंद्यात शेवट वाईटच होतो. भिकूचं काय झालं माहितीये ना?"

"माहितीये. पण तोवर पार्किंग तरी मिळत होतं की त्याला."